एका स्थानावरून दुसऱ्या स्थानी

सामायिक, चैत्यवंदन आणि प्रतिक्रमण यांच्या आरंभी म्हटले जाणारे ईर्यापथिकी सूत्र अनेक घरांत लहान मुलांनाही मुखोद्गत असते. जाता-येता आपल्या पायाने, हाताने वा वस्तूने ज्या जीवांना पीडा झाली असेल, त्यांची क्षमा मागण्याचे हे सूत्र. त्यात पीडेचे दहा प्रकार सांगितले आहेत. जीवाला धडक देणे, धुळीने झाकणे, जमिनीशी घासणे, एकावर एक रचणे, स्पर्शाने दुखावणे, त्रास देणे, थकविणे आणि भयभीत करणे हे पहिले आठ. शेवटचा, दहावा प्रकार प्राणहरणाचा. आणि त्याच्या अगदी आधी, नवव्या स्थानी, वरकरणी निरुपद्रवी वाटणारी एक कृती येते. जीवाला एका स्थानावरून उचलून दुसऱ्या स्थानी ठेवणे.

हा नववा प्रकार बहुतेकांच्या मनाला थबकवीत नाही. मारणे हे पाप, हे सर्वांना उमगते. त्रास देणे, घाबरविणे हेही समजते. परंतु ओट्यावरील मुंगी कागदावर घेऊन अंगणात सोडली, तर तिचे काय बिघडले? ती जिवंत आहे, तिचा एकही पाय दुखावलेला नाही. उलट, तिला वाचविल्याचे समाधान आपल्याला लाभते. मग सूत्रकारांनी या कृतीला प्राणहरणाच्या शेजारी का बसविले असेल?

लहान जीव आपली वाट कशी शोधतात, याचा गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्या अभ्यासाकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर हळूहळू स्पष्ट होऊ लागते.

पाइनच्या फळांचे वर्तुळ

१९२९च्या उन्हाळ्यात निको टिनबर्गन हा तरुण डच अभ्यासक नेदरलँड्समधील हुल्सहोर्स्ट येथील वालुकामय माळरानावर फिरत होता. तेथे एका जातीच्या एकांड्या गांधीलमाश्यांची असंख्य बिळे होती. ही माशी मधमाशी पकडून, तिला डंखाने बधिर करून बिळात नेते आणि आपल्या अळ्यांसाठी ठेवते. म्हणूनच डच भाषेत तिला ‘मधमाश्यांचा लांडगा’ अशा अर्थाचे नाव आहे. तिचे जीवन हिंसेवर उभे आहे, हे खरे. परंतु टिनबर्गनच्या मनात प्रश्न उभा राहिला तो वेगळाच. सगळीकडे सारखीच दिसणारी वाळू, तीत जवळजवळ असलेली कितीतरी बिळे, आणि दूरवरून ओझे घेऊन आलेली प्रत्येक माशी मात्र नेमकी स्वतःच्याच बिळापाशी उतरते. हे तिला कसे साधते?

माशी बिळात असताना त्याने दाराभोवती पाइन वृक्षाच्या सुकलेल्या फळांचे एक वर्तुळ मांडले. माशी बाहेर आली. ती लगेच दूर गेली नाही. बिळाभोवती घिरट्या घालीत, हळूहळू घेर वाढवीत, काही सेकंद ती त्या जागेचे जणू निरीक्षण करीत राहिली आणि मगच शिकारीला निघून गेली. ती गेल्यावर टिनबर्गनने ते वर्तुळ जसेच्या तसे उचलून सुमारे फूटभर बाजूला मांडले. बिळाला हात लावला नाही. माशी परतली आणि थेट वर्तुळाच्या मध्यभागी उतरली. तेथे बीळ नव्हते. खरे बीळ फूटभर अंतरावर उघडे होते, तरीही ती पुन्हा पुन्हा रिकाम्या वर्तुळातच शोध घेत राहिली. फळे मूळ जागी ठेवताच तिला घर सापडले. अनेक माश्यांवर हा प्रयोग करून त्याने हेच पाहिले.

फळांच्या वासावरून तर ती येत नसेल? त्यासाठी त्याने पाइनच्या तेलाचा वास दिलेले तुकडे एकीकडे आणि फळे दुसरीकडे ठेवली. माशी फळांकडेच गेली. मग त्याने फळांचा त्रिकोण केला आणि वर्तुळ दगडांचे मांडले. माशीने दगडांचे वर्तुळ निवडले. म्हणजे कोणती वस्तू आहे यापेक्षा त्या वस्तूंची परस्परांशी असलेली मांडणी तिच्या स्मरणात होती.

जुन्या पेठेतला माणूस घरक्रमांकाने पत्ता सांगत नाही. ‘मारुतीच्या देवळासमोर, पाराच्या डाव्या हाताला, सराफाच्या दुकानाला लागून’ असे सांगतो. देवळाला नवा रंग दिला तरी ग्राहक चुकत नाही. परंतु देऊळच चार दुकाने पलीकडे सरकले, तर नित्याचा ग्राहकही गोंधळून उभा राहील. गांधीलमाशीचेही तसेच आहे. कणभर मेंदूच्या या जीवाजवळ पत्ता आहे, आणि तो पत्ता जवळच्या खुणांनी लिहिलेला आहे. पुढे १९७३ मध्ये टिनबर्गनला कोनराड लोरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले.

कीर्द, शिल्लक आणि मेळ

ट्युनिशिया देशात समुद्रालगत खारी, सपाट मैदाने आहेत. झाड नाही, खडक नाही, सावली नाही. भर दुपारी तेथील जमीन ६० अंश सेल्सिअसच्याही पुढे तापते. इतर कीटक त्या वेळी लपून बसतात किंवा मरतात. मात्र लांब पायांच्या, चपळ अशा वाळवंटी मुंग्या नेमक्या त्याच वेळी बाहेर पडतात. कारण उष्णतेने मेलेले कीटक हेच त्यांचे अन्न होय. स्वित्झर्लंडचे र्‍यूडिगर वेनर यांनी या मुंग्यांच्या अभ्यासाला आयुष्याची अनेक दशके दिली.

अन्न शोधताना मुंगी वाकड्यातिकड्या वाटेने, वळणे घेत, शंभर मीटरहून अधिक दूर जाते. परंतु अन्न हाती लागताच ती आल्या वाटेने परतत नाही. सरळ रेषेत घराकडे धावते. या मुंग्या गंधाची रेषा आखून तिच्यावरून चालत नाहीत. मग घराची दिशा त्यांना कशी कळते?

व्यापारी घरातील कोणालाही हे उत्तर सहज समजेल. मुंगी चालता चालता कीर्द लिहीत असते. आकाशातील प्रकाशाच्या विशिष्ट रचनेवरून ती दिशा जाणते आणि पावलांच्या मोजणीवरून अंतर. प्रत्येक वळण, प्रत्येक पाऊल जमा-खर्चात पडते आणि क्षणोक्षणी शिल्लक निघत राहते. घर या दिशेला, इतक्या अंतरावर, एवढीच ती शिल्लक असते. परत फिरण्याच्या क्षणी तिला मागची पाने चाळावी लागत नाहीत. अखेरची शिल्लक हाताशी असते.

परंतु केवळ कीर्दीवर विसंबणाऱ्या पेढीची जी अडचण, तीच मुंगीचीही आहे. एखादी नोंद किंचित चुकली तर ती चूक पुढे पुढे ओढली जाते. प्रवास जितका लांब, तितकी चूक मोठी. म्हणून शहाणा व्यापारी दिवसाअखेर गल्ल्यातील रोकड मोजून कीर्दीशी मेळ घालतो. मुंगीसाठी हा मेळ जवळच्या खुणा घालून देतात. घराजवळचा दगड, खुरटे झुडूप, जमिनीचा उंचवटा. शिल्लक तिला घराच्या आसपास आणून सोडते. खुणा तिला नेमक्या दारात पोहोचवितात. बोटाएवढ्या त्या दारापासून थोडेसे अंतर चुकले, तरी तापलेल्या जमिनीवर ती चूक जिवावर बेतू शकते.

उचललेली मुंगी

आता नवव्या पीडेकडे पुन्हा वळावे. अभ्यासकांनी अन्न घेऊन घराकडे निघालेल्या मुंग्या उचलल्या आणि दूर अनोळखी जागी सोडल्या. मुंगी थांबली नाही, गोंधळली नाही. कीर्दीतील शिल्लक प्रमाण मानून ती त्याच दिशेने, तितकेच अंतर, निश्चयाने धावली. जेथे घर असावयास हवे होते तेथे पोहोचली आणि मग फेऱ्या घालीत शोधू लागली. घर मात्र दुसरीकडेच होते. तिच्या हिशेबात कोणतीही चूक नव्हती. ज्या हाताने तिला उचलले, त्याची नोंद तिच्या कीर्दीत झाली नव्हती, इतकेच.

याहून अधिक बिकट अवस्था असते ती दारापर्यंत पोहोचलेल्या मुंगीला उचलून दूर सोडले तर. तिच्या हिशेबाप्रमाणे प्रवास संपलेला असतो, शिल्लक शून्य. कोणत्या दिशेला धावावे हे सांगणारे तिच्याजवळ काहीच उरत नाही. ओळखीच्या खुणा दिसल्या तर ती त्यांच्या आधाराने वाट धरते. त्या नसतील, तर अधिकाधिक रुंद होत जाणारे वेढे घेत ती त्याच जागेभोवती फिरत राहते. मुंगी जिवंत आहे, पाय शाबूत आहेत, तोंडातील घासही आहे. हरपले आहे ते स्थान.

‘मारले तर नाही ना’ एवढ्यावर समाधान मानणाऱ्या मनाला सूत्रातील नववा प्रकार याच ठिकाणी जागे करतो. सूत्रकारांपुढे ट्युनिशियातील मुंगी नव्हती. परंतु जीवाचे स्थान हाही त्याच्या जगण्याचाच एक भाग आहे, ते हिरावणे ही पीडाच होय, ही जाणीव त्या शब्दांत स्पष्ट आहे.

ज्ञान आणि त्याचे मोल

येथे एक गोष्ट टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. मुंगी पावले मोजते, हे कसे सिद्ध झाले? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुंग्यांना दहा मीटर चालू दिले, आणि अन्नापाशी पोहोचल्यावर काहींच्या पायांना बारीक काड्या चिकटवून पाय लांब केले, तर काहींचे पाय कापून आखूड केले. लांब पायांच्या मुंग्या परतताना घर ओलांडून सुमारे पंधरा मीटरपर्यंत गेल्या; आखूड पायांच्या सुमारे सहा मीटरवरच थांबून घर शोधू लागल्या. पावलांची संख्या तीच, पण पाऊल बदललेले. निष्कर्ष निर्विवाद ठरला. तथापि मुंग्यांचे पाय कापले गेले, हेही तितकेच निर्विवाद आहे.

अहिंसेचे संस्कार घेऊन वाढलेल्या वाचकाला हे वाचताना वेदना होणे स्वाभाविक आहे. ती वेदना दडपण्याचे कारण नाही. ज्ञान सत्य असू शकते आणि ते मिळविण्याची रीत सदोष असू शकते. एकाने दुसरे पुसले जात नाही. टिनबर्गनने केवळ सुकलेली फळे हलविली, आणि तरीही कीटकांच्या स्मरणशक्तीविषयीचा एक मूलभूत सिद्धान्त हाती आला. निसर्गाला हात न लावता, किंवा कमीत कमी लावून, किती जाणता येते याचे ते उदाहरण होय. ज्या घरांतील मुलेमुली आज जीवशास्त्र शिकत आहेत, त्यांनी हा फरक ध्यानात ठेवून आपल्या शिक्षकांना प्रश्न विचारावेत. हाच निष्कर्ष पीडेवाचून काढता आला असता का, हा प्रश्न विज्ञानाच्या विरोधात नाही. तो विज्ञानाला अधिक कुशल बनविणारा प्रश्न आहे.

मनातील चित्र

जवळच्या खुणा मुंगी वा मधमाशी कशा स्वरूपात लक्षात ठेवते, याचाही शोध घेतला गेला. वाळवंटी मुंग्यांच्या जागेच्या दोन्ही बाजूंना सारख्या उंचीचे दोन काळे दंडगोल ठेवले. मुंग्यांना सवय झाली. पुढे अन्यत्र नेऊन तसेच दंडगोल मांडले असता मुंग्या त्यांच्या मधोमध घर शोधू लागल्या. दंडगोलांमधील अंतर दुप्पट केले, तेव्हा त्यांनी मध्य सोडला आणि कोणत्या तरी एका दंडगोलाच्या आसपास शोध सुरू केला. परंतु अंतराबरोबर दंडगोलांचा आकारही दुप्पट केला, तेव्हा त्या पुन्हा मधोमध आल्या. कारण मधोमध उभे राहिले असता डोळ्यांना दिसणारे चित्र पूर्वीसारखेच होते.

इंग्लंडमध्ये कार्टराइट आणि कॉलेट या अभ्यासकांनी १९८३ मध्ये मधमाश्यांविषयी असेच काही प्रसिद्ध केले. एका दंडगोलापासून ठराविक अंतरावर साखरपाणी मिळते, हे मधमाश्या शिकल्या. नंतर मोठा दंडगोल ठेवला तर त्या अधिक दूर शोधू लागल्या, लहान ठेवला तर अधिक जवळ. दंडगोल डोळ्याला पूर्वीएवढाच मोठा दिसेल, ती जागा त्या शोधीत होत्या. घराच्या दारातून दिसणारे एक चित्र जणू मनात जपून ठेवावयाचे आणि समोरचे दृश्य त्या चित्राशी जुळेपर्यंत सरकत राहावयाचे, अशी ही रीत आहे.

हे चित्र आपोआप मनात उमटत नाही. त्यासाठी अभ्यास करावा लागतो. अन्नाच्या शोधात प्रथमच बाहेर पडण्यापूर्वी वाळवंटी मुंगी घराभोवती छोट्या छोट्या फेऱ्या मारते आणि मध्येच थांबून, वळून घराच्या दिशेने पाहते. तरुण मधमाशी पोळ्याकडे तोंड करून मागेमागे उडत, डावी-उजवीकडे झोके घेत, भोवतालचा परिसर पाहून घेते. नव्या गावी दुकान थाटणारा माणूस पहिले काही दिवस गल्ल्या पायाखाली घालतो, तसेच हे. म्हणूनच मधुमक्षिकापालकांचा जुना अनुभव असा की पोळ्याची पेटी थोड्याच अंतरावर हलविली, तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या रिकाम्या जागीच परतून घोटाळत राहतात. पेटी डोळ्यांसमोर असते, पण ती त्यांच्या चित्रात नसते.

सरकणाऱ्या भिंती

चालत्या जीवाला जवळच्या वस्तू आणखी एका रीतीने वाट दाखवितात. आगगाडीच्या खिडकीतून पाहताना रुळांलगतचे खांब सर्रकन मागे पळतात, दूरचा डोंगर मात्र आपल्याबरोबर चालल्यासारखा वाटतो. जवळचे वेगाने सरकते, दूरचे सावकाश. उडणारी मधमाशी या सरकण्याचाच उपयोग करते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले आणि पुढे ऑस्ट्रेलियात काम केलेले मंड्यम श्रीनिवासन यांनी हे फार सुंदर रीतीने दाखविले.

दोन भिंतींमधील अरुंद वाटेतून मधमाशी उडू लागली की ती नेमकी मधून उडते. दोन्ही बाजूंची दृश्ये सारख्याच वेगाने मागे सरकत राहावीत, एवढेच ती सांभाळते. एका बाजूची नक्षी तिच्याच दिशेने पुढे सरकविली तर त्या बाजूचे दृश्य सावकाश सरकू लागते. ती भिंत दूर असावी असे तिला वाटते आणि ती त्या भिंतीकडे झुकते. अंतरही ती याच सरकण्यावरून मोजते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दाट नक्षीच्या, केवळ सहा मीटर लांबीच्या अरुंद बोगद्यातून उडून आलेल्या मधमाश्यांनी पोळ्यात परतल्यावर आपल्या नृत्यातून बाकीच्या माश्यांना सुमारे दोनशे मीटर अंतर सांगितले. भिंती अगदी जवळ असल्यामुळे दृश्य फार वेगाने सरकले आणि मार्ग फार लांब वाटला. भिंतींवर उडण्याच्या दिशेने जाणारे लांब पट्टे रंगविले, तेव्हा सरकणे जाणवेना आणि माश्यांनी अगदी थोडे अंतर सांगितले.

स्वतः उभारलेली खूण

ज्या ठिकाणी खुणाच नाहीत तेथे काय? ट्युनिशियातील खाऱ्या मैदानाच्या मध्यभागी दृष्टी पोहोचेल तेथवर एकही उंचवटा नसतो. जर्मनीतील येना येथील माक्स प्लांक संस्थेच्या मार्कुस क्नाडेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये एक निरीक्षण मांडले. मैदानाच्या कडेला, झुडपांजवळ राहणाऱ्या मुंग्यांची घरटी जमिनीलगत बसकी असतात; परंतु मधल्या उजाड भागातील मुंग्या दारावर मातीचे उंच ढीग रचतात. काही ढीग ४० सेंटिमीटरपर्यंत उंच. अभ्यासकांनी असे ढीग काढून टाकले. काही घरट्यांजवळ त्याऐवजी काळे दंडगोल खुणेसाठी ठेवले, काहींजवळ काहीच ठेवले नाही. जेथे खूण नव्हती तेथील बहुतेक घरट्यांतील मुंग्यांनी लगेच नवा ढीग रचावयास घेतला. जेथे दंडगोल होता तेथील बहुतेकांनी ती तसदी घेतली नाही.

दूर गेलेल्या बहिणींना घर दिसावे म्हणून घरातल्या मुंग्या कण कण माती वाहून खूण उभारतात. आपण सहज पायाने सपाट करतो त्या मातीच्या ढिगाचे मोल काय असू शकते, हे यावरून ध्यानात यावे.

मुंगीचे डोळे

एक शंका जाणत्या वाचकांच्या मनात आतापर्यंत आली असेल. आपल्या परंपरेत मुंगी त्रीन्द्रिय मानली आहे. स्पर्श, रस आणि गंध ही तिची इंद्रिये. भ्रमर, माशी हे चतुरिन्द्रिय, कारण त्यांना चक्षूही आहेत. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातही कृमी, मुंगी, भ्रमर आणि मनुष्य असा एकेका इंद्रियाने वाढत जाणारा क्रम दिला आहे. मग दंडगोल पाहून घर शोधणाऱ्या मुंगीचे काय?

वाळवंटी मुंगीला डोळे आहेत आणि ती त्यांचा कुशलतेने उपयोग करते, हे निरीक्षण नाकारण्याजोगे नाही. आपल्या घरात दिसणाऱ्या बहुतेक लहान मुंग्या मात्र मुख्यतः गंधाच्या रेषेवरून चालतात. त्यांचे जग पाहण्यापेक्षा हुंगण्याचे अधिक आहे, आणि परंपरेने मुंगीत गंध हे सर्वांत वरचे इंद्रिय मानले ते या निरीक्षणाशी जुळणारे आहे. शास्त्रातील वर्गीकरणाचा अर्थ कसा लावावा, याची चर्चा विद्वान साधु-साध्वींनी करावी. ती येथे संपणारी नाही. आचारापुरते मात्र एवढे निश्चित सांगता येते की इंद्रियांची गणना परंपरेने केली ती कोणत्या जीवाला किती वेदना होऊ शकते हे ओळखून अधिक जपण्यासाठी. मुंगीला मानले त्याहून एक इंद्रिय अधिक असल्याचे आढळले, तर तिच्याविषयीची यतना वाढेल. कमी होणार नाही.

घरातील यतना

या सर्वाचा रोजच्या व्यवहाराशी काय संबंध, हे आता पाहता येईल.

स्वयंपाकघरात मुंग्यांची रांग दिसताच ओल्या फडक्याने जागा पुसण्याची सवय सर्वत्र आहे. रांग ज्या गंधरेषेवर चालते ती रेषाच त्या फडक्याने नाहीशी होते, आणि अन्नाकडे गेलेल्या मुंग्यांचा परतीचा रस्ता तुटतो. त्याऐवजी आधी त्यांचे आकर्षण दूर करावे. सांडलेली साखर, गुळाचा खडा, उघडा डबा हलवावा आणि रेषा काही वेळ तशीच राहू द्यावी. नेण्यासारखे काही उरले नाही की मुंग्या त्याच रेषेने परततात. रांग विरळ होऊन थांबली की मग जागा स्वच्छ करावी. वेळ थोडा अधिक लागतो. परंतु कोणीही स्थानभ्रष्ट होत नाही.

मुंगी उचलावीच लागली, तर पुंजणीने हळुवार घेऊन तिची रांग वा बीळ जेथे असेल त्याच्या जवळच ठेवावी. दुसऱ्या वारुळाजवळ सोडणे ही दया नव्हे. मुंग्या अंगाच्या गंधावरून आपले-परके ओळखतात, आणि परक्या वारुळातील मुंगीवर बहुधा हल्ला होतो. ‘बागेत सोडली’ या वाक्यामागे कित्येकदा असा शेवट दडलेला असतो.

खिडकीच्या चौकटीत वा भिंतीच्या कोपऱ्यात कुंभारीण मातीचे घर बांधते. रंगकामाच्या घाईत ते खरवडून टाकले जाते. त्या मातीला भोक पडलेले दिसले, तर आतील जीव बाहेर पडून गेला असे समजावे. बंद असेल, तर आत जीव वाढत आहे. ती बांधणी चालू असेपर्यंत खिडकीतील कुंड्या, डबे जागचे हलवू नयेत. तिच्या दृष्टीने त्याच देवळे आणि पार आहेत.

दुकाने आणि गोदामे सांभाळणाऱ्यांना पूर्वजांनी घालून दिलेली एक रीत येथे आठवावी. जुन्या पांजरापोळींत गायी-बैलांच्या गोठ्यांबरोबर ‘जीवातखाना’ नावाची एक खोलीही असे. धान्यात निघालेले किडे तेथे आणून ठेवीत, आणि ते धान्यासह ठेवीत. नुसते किडे वेचून रस्त्यावर फेकले जात नसत. जीव हलविणे अटळच असेल, तर त्याचे जगही शक्य तितके त्याच्याबरोबर हलवावे, हे त्या रीतीचे मर्म होय. आज प्रत्येक गोदामाला जीवातखाना बांधता येणार नाही. परंतु पोत्यांची थप्पी हलविण्याच्या आदल्या दिवशी ती जागा एकदा पाहून घेणे, चाळलेल्या धान्यातील जीवांना थोड्या भुशासह सावलीत ठेवणे, आणि नोकरमंडळींनाही यामागचे कारण समजावून सांगणे, इतके कोणालाही शक्य आहे.

ईर्यासमितीत चार हात पुढील जमीन पाहून चालावयास सांगितले आहे. त्या चार हात जमिनीवर एखादा खडा, एखादी काडी, मातीचा लहानसा उंचवटा पडलेला असतो. आजवर तेथे जीव आहे की नाही एवढेच पाहिले जात होते. यापुढे तो खडाही कोणाच्या तरी दाराची खूण असू शकेल, असे समजून पाऊल टाकावे. आणि सामायिकापूर्वी त्या दहा पीडांचे स्मरण करताना नवव्या शब्दापाशी क्षणभर थांबून दिवसभरात आपल्या हातून कोण कोठून कोठे हलविले गेले, याचा मेळ घालावा.